तिसरा खण

वहिनींचा फोन आला तेव्हा धाकटा ऑफिसात कुणाच्या तरी टेबलाखाली शिरला होता. गुडघ्यांवर बसून, मान वाकडी करून तो एक निसटलेली वायर खोचत होता. विमा कंपनीच्या त्या तीन मजली ऑफिसातले दोनशे कॉम्प्युटर सांभाळणं हे त्याचं काम, आणि निम्मा दिवस टेबलांखालीच जायचा. खिशातला फोन थरथरला, त्याने पडद्यावरचं नाव पाहिलं आणि उठायच्या घाईत डोकं टेबलाला सणकून आपटलं.

तीन आठवड्यांपूर्वी वहिनींनी दादा गेल्याचं कळवायला फोन केला होता. त्याआधी अकरा वर्षं काहीच नाही.

"भाऊजी, कामात आहात का?"

"नाही नाही. बोला ना वहिनी."

"ह्यांचा तो कॉम्प्युटर कालपासून किरकिरत होता. आज सुरूच होईना. त्याच्यावाचून मशीन चालत नाही. दोन दुकानदार येऊन बघून गेले. एक म्हणाला भंगारात द्या, दुसरा तर बघून हसलाच. तुम्हीच बसवला होता ना तो. म्हटलं, विचारून बघावं."

"विचारायचं काय त्यात? शनिवारी सकाळी येतो."

"या," म्हणून त्यांनी फोन ठेवला. घरचे कसे आहेत, बरं आहे ना, काही नाही. धाकट्याला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटून घ्यायचा हक्क आपण केव्हाच घालवून बसलोय, हे त्याला ठाऊक होतं.

धाकटा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे, पण घरात, गल्लीत, कारखान्यात सगळे त्याला तशीच हाक मारायचे आणि तोही ओ द्यायचा. दादा त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, त्यामुळे त्याला सायकल शिकवली ती दादाने, आणि त्याच्यापायी शाळेत मास्तरांची बोलणी खाल्ली तीही दादानेच. पुढे दादाने विणकामाचा कारखाना टाकला. कारखाना म्हणायचं आपलं, घरामागच्या दोन खोल्या होत्या. एकीत पलंगाएवढं लांब विणकामाचं मशीन आणि त्याला चिकटून कॉम्प्युटर, दुसरीत लोकरीची रिळं आणि स्वेटरचे तुकडे जोडायचं टेबल. मशीनला नक्षी पुरवायची ती कॉम्प्युटरने. पडद्यावर गणिताच्या वहीसारखं चौकटींचं जाळं दिसायचं. एक चौकट म्हणजे एक टाका. चौकटी रंगवत जायचं, की मशीन तेच लोकरीत उतरवून द्यायचं. लोकर, गिऱ्हाईक आणि मशीन दादाकडे. नक्ष्या धाकट्याच्या.

आणि त्या त्याला सुचायच्याही अशा, की दादा म्हणायचा, "तुझ्या डोक्यात उंदीर पाळलेत का रे? सारखं काहीतरी कुरतडत असतात."

मग एका मोठ्या व्यापाऱ्याने त्यांची स्वेटरं आपल्या पुस्तिकेत छापली. पानंच्या पानं धाकट्याच्या नक्ष्यांची, आणि खाली नाव कारखान्याचं. धाकट्याला वाटलं, नक्षी कुणाची, हे एका ओळीत तरी यायला हवं होतं. तसं त्याने बोलून दाखवलं. दादाला हसू आलं. "एका घरात तुझं-माझं कसलं रे?" म्हणाला. त्यात वाईट काहीच नव्हतं, पण ते हसणं धाकट्याला झोंबलं. शब्दाने शब्द वाढत गेला, जुनी उणीदुणी निघाली. "माझ्या जिवावर उड्या मारतोस तू," असं एक वाक्य धाकट्याच्या तोंडून निसटलं. दादाने ते ऐकून घेतलं, पायांत चपला सरकवल्या आणि तो लोकर आणायला निघून गेला. तो परत यायच्या आत धाकट्याने कॉम्प्युटर उघडून आपल्या सगळ्या नक्ष्या पुसून टाकल्या. दीडशेच्या वर होत्या. एकही ठेवली नाही. थंडीचा हंगाम तोंडावर आला होता. मग त्याने पिशवी भरली आणि घर सोडलं.

त्यानंतर त्याने एकही नक्षी काढली नाही. कॉम्प्युटर दुरुस्तीवर पोट भरलं, लग्न केलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला घर घेतलं. दादाने फोन केला नाही, यानेही नाही. आधी रागाने, मग लाजेने, आणि पुढे पुढे नुसत्या सवयीने. दादाला शेवटचं बघायला गेला, तेव्हाही तो गर्दीच्या कडेला उभा राहिला आणि कारखान्याच्या दाराकडे न बघता परत फिरला.

जुन्या कॉम्प्युटरला चालेल अशी हार्ड डिस्क मिळवायला त्याला तीन संध्याकाळी घालवाव्या लागल्या. आताच्या डिस्कना बारीक वायर लागते, त्या काळच्या कॉम्प्युटरना फितीसारखी रुंद, चपटी. शेवटी सुट्या भागांच्या एका कोंदट दुकानात वरच्या फळीवर एक मिळाली. तशीच सीलबंद, चाळीस जीबीची.

"हे मागायला आता भुतंच येतात," दुकानदार धूळ झटकत म्हणाला.

"त्यातलंच एक समजा," धाकटा म्हणाला.

शनिवारी दार वहिनींनी उघडलं. त्या वाळल्या होत्या. कपाळावरच्या केसांत लोकरीचा एक निळा धागा अडकला होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. "या" म्हणून त्या पुढे चालू लागल्या. कारखान्यात मावशी होत्या. धाकटा मिसरूड फुटायच्या वयाचा असल्यापासून त्या इथे स्वेटरचे तुकडे जोडत आल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून त्याला न्याहाळलं.

"जाड झालास की रे," एवढंच बोलल्या, पण सुईत धागा ओवायला त्यांना त्यानंतर बराच वेळ लागला.

कॉम्प्युटरपुढची खुर्ची दादाची होती. बसून बसून तिची गादी एका बाजूला दबली होती. धाकटा उभाच राहिला.

"बस की. चावणार नाही ती," मावशी म्हणाल्या.

तो बसला. गादीचा उतार डावीकडे होता, दादा डाव्या कोपरावर रेलून बसायचा तसा.

कॉम्प्युटरचं झाकण काढलं तर आत डिस्क दिसेचना, नुसती लोकर. अकरा हिवाळ्यांचा भुगा थरावर थर साचला होता. राखाडी, त्यावर लाल, त्यावर बाटलीहिरवा. कुठल्या वर्षी कुठल्या शाळेची ऑर्डर होती, ते त्यावरून सांगता आलं असतं. त्याने बोटांनी तो उचलून कागदावर ठेवला. वहिनी बघत होत्या. त्यांनी तो कागद घेतला आणि टाकायला म्हणून बाहेर नेला, पण कचऱ्याच्या डब्याचं झाकण वाजलेलं काही त्याला ऐकू आलं नाही.

जुनी डिस्क त्याने कानाशी धरून क्षणभर चालू केली. टक्, टक्, आणि मग दगडावर नख ओढावं तसं किर्र. त्याने चटकन बंद केली.

"जगेल?" वहिनींनी दारातून विचारलं.

"थोडा वेळ चालेल कदाचित. त्या वेळात आतलं सगळं काढून घ्यायचं. पण आधी नवी तयार करून ठेवायला हवी, म्हणजे हिला उगाच फिरवत बसायला नको."

नवी बसवली तर कॉम्प्युटर अडूनच बसला. काळ्या पडद्यावर एक रेघ लुकलुकत राहिली, पुढे काही नाही. मावशींनी मान हलवली. धाकट्याला मात्र दुखणं कळलं होतं. हा कॉम्प्युटर इतका जुना, की बत्तीस जीबीच्या पुढे त्याला मोजताच येत नाही. डिस्कच्या पाठीमागे पिनांची एक रांग असते आणि तिच्यावर इवलीशी काळी टोपी. ती टोपी चिमट्याने उचलून दुसऱ्या पिनांवर घातली, की डिस्क आपणहून आपलं आकारमान लपवते आणि बत्तीसचीच आहे असं सांगते. त्याने टोपी हलवली. या वेळी पडद्यावर डिस्कचं नाव उमटलं.

"काय केलंस?" मावशींनी विचारलं.

"तिला वय कमी सांगायला लावलं."

मावशी खुदकन हसल्या, आणि हसलो म्हणून चपापून वहिनींकडे बघू लागल्या. वहिनी हसल्या नव्हत्या, पण रागावल्याही नव्हत्या.

आता डिस्कचे भाग पाडायचे. कोरी डिस्क म्हणजे कप्पे नसलेलं कपाट. भाग पाडले नाहीत तर कॉम्प्युटरला तिच्यात काही ठेवताच येत नाही. पहिला भाग दोन जीबीचा हवा, त्याहून मोठा केला तर विणकामाचा जुना प्रोग्रॅम रुसतो. हे त्याला अजून पाठ होतं. पुढे किती करायचे, हे त्याने वहिनींना विचारलं.

"पूर्वी किती होते?"

"तीन."

"मग तीनच करा. हे त्यांना खण म्हणायचे. 'माझा खण भरला गं' म्हणायचे." बोलता बोलता त्या चहाचं बघते म्हणून आत गेल्या.

पहिल्यांदा ते खण त्यानेच पाडले होते. तेव्हा कॉम्प्युटर नवा होता, तोही नवा होता, आणि दादा मागे उभा राहून लग्नातला फोटो बघावा तशा कौतुकाने काळ्या पडद्याकडे बघत होता. एक खण मशीनचा, एक दादाचा, एक धाकट्याचा. "असं वेगवेगळं कशाला?" दादाने विचारलं होतं. "म्हणजे एक बिघडला तरी बाकीचे सुरक्षित राहतात," धाकट्याने मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

त्याने एकेक आकडा घातला. पहिला खण, दुसरा, तिसरा. पहिल्यावरून कॉम्प्युटर सुरू व्हायला हवा, तशी खूण केली. मग प्रत्येक खण घासूनपुसून तयार करायला लावला. त्याचे टक्के पडद्यावर मुंगीच्या पावलांनी सरकत होते. सात, आठ, आठच, नऊ. शेवटी प्रत्येकाला नाव द्यायचं होतं. पहिल्याला 'मशीन' दिलं, दुसऱ्याला 'दादा'. तिसऱ्यापाशी त्याची बोटं थांबली. त्याने काहीच न लिहिता बटण दाबलं.

जेवायची वेळ होत आली तेव्हा त्याने जुनी डिस्क जोडली. घडी घातलेल्या फडक्यावर ठेवली, समोर टेबलफॅन लावला. दोनदा ती नुसतीच कुरकुरली. तिसऱ्यांदा फिरली. पडद्यावर जुने तिन्ही खण उमटले आणि त्याच्या जिवात जीव आला.

आधी मशीनचा प्रोग्रॅम काढून घेतला. मग दादाचा खण. तो तर गच्च होता, उरलेली जागा शून्य. नक्ष्या, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाने आणून दिलेल्या नमुन्याचा स्कॅन. नक्षीला जागा कितीशी लागते, पण एकेका स्कॅनने बादलीभर जागा खाल्ली होती. शाळेच्या बँडची पासष्ट स्वेटरं दहा दिवसांत द्यायची होती, त्याची नक्षीही त्यातच होती. डिस्क मधूनच अडखळायची, टक् करायची आणि पुन्हा निघायची. दीड तास धाकटा खुर्चीत नुसता ताठ बसून होता. शेवटची फाइल आली तेव्हा त्याने मोठा श्वास सोडला.

"झालं?" मावशींनी विचारलं.

"झालं. तिसरा तर रिकामाच आहे."

"रिकामा कसा असेल?" मावशी म्हणाल्या.

त्याने तिसरा खण उघडला. त्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं नाव तेच होतं, त्याने स्वतः दिलेलं, 'धाकटा'. आत एक्केचाळीस फाइली होत्या.

चिमण्या. मुंग्या. पायऱ्या. खवले. झोपलेलं मांजर. नावं त्याचीच, त्याने दिली होती तशी, अगदी शब्दशः. आपण पुसायला चुकलो की काय, असं त्याला आधी वाटलं. मग त्याचं लक्ष तारखांकडे गेलं. पहिली तो घर सोडून गेल्यानंतर दोन महिन्यांची होती, शेवटची तीन वर्षांनंतरची. वेळा सगळ्या दुपारच्या, एक ते दोनमधल्या.

"जेवणाच्या सुट्टीत बसायचा," मावशी सांगू लागल्या. हातातलं काम त्यांनी मांडीवर ठेवलं. "तू गेलास आणि हंगाम बुडाला. पण तोंडातून तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द नाही. तुझ्या नक्षीची जी स्वेटरं नमुना म्हणून पेटीत राहिली होती, ती काढायचा. एकेक घेऊन, भिंग लावून टाके मोजायचा. एका हाताने घास, दुसऱ्या हाताने चौकट. एक नक्षी उतरवायला पंधरा-पंधरा दिवस. त्याला कुठं तुझ्यासारखं येत होतं? मी म्हटलं, ह्या आता विणायला घेऊ या. नको म्हणाला. त्या त्याच्या आहेत, त्याच्याच खणात राहू देत. आला की बघेल."

"वापरल्या नाहीत?"

"एकही नाही. स्वतःच्या खणात जागा नव्हती तर जुनं काढून सीडीच्या चकत्यांवर भरत बसायचा. तुझ्या खणात ढीगभर जागा होती. मी म्हटलं एकदा, तर असा बघायला लागला माझ्याकडे, जणू मी चोरी करायला सांगितली."

ऑफिसात कुणाची डिस्क बिघडली की धाकटा सगळ्यांना एकच दटावायचा: आधी काढून घ्या, मग बघत बसा. तो स्वतः मात्र बघत बसला. त्याने 'चिमण्या' उघडली. तारेवर बसलेल्या नऊ चिमण्या. त्याची अगदी पहिल्या वर्षाची नक्षी. सातव्या चिमणीची चोच काढायची तो तेव्हा विसरला होता, आणि चाळीस स्वेटरं विणून झाल्यावर ते लक्षात आलं होतं. त्या दिवशी त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण दादा पोट धरून हसला होता. "राहू दे," म्हणाला होता, "नऊजणींत एक तरी गप्प बसणारी हवी."

दादाने सातव्या चिमणीला चोच काढली नव्हती. ती चौकट मोकळीच होती. स्वेटरवर नव्हती, म्हणून इथेही नव्हती.

पडद्यावरच्या चौकटी एकमेकींत मिसळायला लागल्या. धाकट्याने चष्मा काढला, बाहीने डोळे पुसले, पुन्हा चष्मा घातला. मावशींनी मान फिरवून घेतली. यात किती वेळ गेला, कुणास ठाऊक. पाच मिनिटं, सात मिनिटं. मग त्याने भानावर येऊन एक्केचाळीसही फाइली निवडल्या आणि नव्या डिस्कवर पाठवल्या.

एक, दोन, पाच, अकरा. तेविसावर पट्टी थांबली. डिस्क टक् झाली. पुन्हा टक्. मग किर्र असा लांबलचक आवाज आला आणि आतलं फिरणं हळूहळू मंदावत थांबलं. खोलीत फक्त टेबलफॅनचा आवाज राहिला.

त्याला येत होतं ते सगळं त्याने केलं. बंद करून पंधरा मिनिटं थांबला. आडवी ठेवली, उभी ठेवली. वायर बदलली. बोटाने हलकेच टिचकी मारली, चोरासारखी. डिस्क पुन्हा फिरली नाही. दादाने स्वतःचं काम चकत्यांवर भरून ठेवलं होतं, त्या सगळ्या चकत्या त्याने एकेक करून चाळल्या. त्यांत तिसऱ्या खणातलं काही नव्हतं. का असेल? तो खण सुरक्षित आहे, असं दादाला सांगितलं गेलं होतं. एक बिघडला तरी बाकीचे राहतात. खण तीन असले तरी खाली तबकडी एकच असते, हे सांगायचं राहून गेलं होतं.

वहिनी जेवायला बोलवायला आल्या, तेव्हा तो डिस्क हातात घेऊन बसला होता.

"सगळं आलं का?"

"दादाचं सगळं आलं. मशीन चालेल. बँडची नक्षीही आहे."

"आणि तुमचं?"

खोटं बोलणं सोपं होतं. त्यांना काही कळलं नसतं. "तेवीस आल्या," तो म्हणाला. "अठरा गेल्या. माझ्याच चुकीने. आधी काढून घ्यायच्या सोडून बघत बसलो."

वहिनी मावशींच्या टेबलापाशी स्टूल ओढून बसल्या.

"मला राग होता तुमचा. खोटं कशाला सांगू? अजूनही आहे. हे जेवणसुद्धा सुखाने जेवायचे नाहीत, त्या चौकटी मोजत बसायचे. मी सांगायचे, फोन करा भाऊजींना. 'तो करेल,' म्हणायचे. तुम्हीही तिकडे तेच म्हणत असाल."

"हो," धाकटा म्हणाला.

"दोघं सारखेच."

त्याच्या मनात एकदम आलं. "वहिनी, ती नमुन्याची स्वेटरं? पेटीतली? त्यांच्यावरून पुन्हा उतरवता येतील. मी उतरवतो. कितीही दिवस लागू देत."

वहिनींचा चेहरा उतरला. त्यांनी मावशींकडे पाहिलं, मावशींनी खाली.

"पेटी मी मागच्या आठवड्यात रिकामी केली," वहिनी म्हणाल्या. "मुलांच्या वसतिगृहातले लोक गरम कपडे मागायला आले होते. मला वाटलं, आता कोण उघडतंय ती पेटी. सगळे धुऊन, घड्या घालून दिले." त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "मला विचारायला हवं होतं का हो कुणाला?"

"नाही," तो घाईघाईने म्हणाला. "नाही वहिनी, बरं केलंत. थंडी पडायला लागलीये. कुणाच्या तरी अंगावर असतील."

त्या रडल्या नाहीत. पण उठताना त्यांनी टेबलाचा आधार घेतला.

तिघंही तिथेच जेवली. दुपारनंतर वहिनींनी मशीन सुरू केलं. धाकट्याने नव्या डिस्कवरून बँडची नक्षी पाठवली. मशीनचा सरकता भाग एकदा डावीकडून उजवीकडे गेला, एकदा उजवीकडून डावीकडे, आणि खालून गडद निळी पट्टी उतरायला लागली. वहिनींनी ती हातात धरून ताणून बघितली, टाके मोजले आणि मान हलवली. बरोबर होतं. त्या कामाला लागल्या, मग त्यांनी वर पाहिलं नाही.

संध्याकाळी तो आणि मावशी बसच्या थांब्यावर उभे होते. मावशींचे गुडघे दुखत होते, त्या खांबाला टेकल्या होत्या.

"कुठल्या गेल्या रे?" त्यांनी विचारलं. "अठरामधल्या."

तो बोटांवर मोजू लागला. पडद्यावर ती यादी त्याने मिनिटभर तरी पाहिली होती. "मुंग्या. पायऱ्या. झोपलेलं मांजर. तिरप्या रेघा. नांगर. पेन्सिली. तळं. सुपारीची झाडं. विळखे. वाळूची घड्याळं." तो थांबला. "वेताची खुर्ची. ती तुम्हाला आवडायची."

"हो. माझ्या भाचीला घातली होती ती मी."

"अकरा झाल्या."

"आणि?"

तो आठवत राहिला. समोरून एक बस गेली, ती त्यांची नव्हती. स्वतःच्या हाताने काढलेल्या, स्वतः नावं ठेवलेल्या नक्ष्या. दादाला त्यांचा एकेक टाका ठाऊक होता.

"राहू दे," मावशी म्हणाल्या. "आली आपली." त्याने त्यांना हाताला धरून चढवलं.

ती डिस्क त्याने बंद पडलेल्या डिस्कमधलं काढून देणाऱ्या एका माणसाकडे पाठवली. पंधरा दिवसांनी ती तशीच परत आली. तबकडीवर खोल ओरखडे पडले होते, वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं. बँडची स्वेटरं वेळेवर गेली. एक शनिवार सोडून एक धाकटा कारखान्यात जाऊ लागला. मशीनला तेल द्यायचं, कॉम्प्युटर बघायचा, चकत्या भरून ठेवायच्या. वहिनी कामापुरतं बोलायच्या. जेवायला मात्र ताट वाढलेलं असायचं.

घरी एका कागदावर त्याने एक ते अठरा आकडे लिहिले होते आणि पहिल्या अकरांपुढे नावं. मधूनच तो कागद काढून बसायचा. महिन्याभरात बाराव्यापुढे 'कौलं' हा शब्द आला, मग काहीच नाही.

"कसली यादी आहे ही?" बायकोने एकदा विचारलं.

"दादाच्या नक्ष्यांची," तो म्हणाला, आणि कागदाची घडी घालून त्याने ती खिशात ठेवली.